गे आपल्यातच येतात ना?

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते हळदीच्या डागासारखे आपोआप अंगाला लागतात, आणि कितीही धुतले तरी निघत नाहीत.

मी शिरूरची. नवरीचा मेकअप करते. तुळशीचं लग्न लागलं की आम्ही पोपटदादांच्या ईकोत बसतो, ते पार पावसाच्या तोंडाला उतरतो. आज मांडवगण, उद्या दौंड, परवा कासुर्डी. पोपटदादा म्हणजे स्टुडिओचे मालक, गाडीही तेच चालवतात. व्हिडिओला बाजीराव. आणि कँडिडला अमोल. कँडिड म्हणजे माणसाचं लक्ष नसताना काढलेला फोटो. अमोलचा हात त्यात असा बसलेला की नवरीच्या रडक्या आत्यासुद्धा फोटोत सुंदर दिसतात!

हे सगळे किस्से त्याचेच. म्हणजे त्याच्याबद्दल इतरांनी केलेले. तो बिचारा एकदाच, एकच वाक्य बोलला होता.

*

मांडवगण फराट्याला लग्न होतं. फोटोवाला बिनलग्नाचा दिसला की बायका त्याला सोडत नाहीत. "तुमचं कवा?" हा प्रश्न अमोलला दर मांडवात यायचा. "पुढच्या वर्षी," म्हणून तो कॅमेरा डोळ्याला लावायचा.

त्या दिवशी एक मावशी हटूनच बसल्या. त्यांची भाची बीएस्सी ॲग्री झालेली. फोटो काढता काढता त्यांनी याचं कोपर धरलं. "पोरगी बगून तरी घ्या. ती काय, निळ्या साडीतली."

अमोलनं कॅमेरा खाली घेतला. मी शेजारीच नवरीच्या निऱ्यांना पिन लावत होते. तो अगदी शांतपणे म्हणाला, "मावशी, मला मुलीशी लग्न नाही करायचं. मी गे आहे."

पिन माझ्या बोटात गेली!

मावशींनी जरा विचार केला. मग जवळ सरकून हळूच विचारलं, "बरं. पण गे आपल्यातच येतात ना?"

मागं त्यांचा पुतण्या उभा होता. त्याला शब्द कळला होता. तो जो हसत सुटला, की पंगतीत दुसरी बुंदी फिरायच्या आत अख्ख्या मांडवाला बातमी पोचली होती.

*

परतताना पोपटदादा गिअर असा टाकत होते की जणू त्यानंच काही केलंय. न्हावरा फाट्याच्या अलीकडे त्यांना राहवेना.

"अमोल, खरं सांग. नवरदेवांचे फोटो तुझे एवढे भारी येतात, ते त्यामुळं व्हय?"

"नाही दादा. ते लाइटमुळं."

मग बाजीरावांनी तोंड उघडलं. बाजीरावांना तीन पोरं, पोट गाडीच्या दारात अडकतं. "आपण मुक्कामाला एका खोलीत झोपतो रं! मला आधी सांगायचं ना!"

"बाजीराव," अमोल म्हणाला, "तुम्ही ट्रॅक्टरसारखे घोरता. तुमच्यावर कुणाचंच मन बसणार नाही. वहिनींचं कसं बसलं, तेच कळत नाही."

मी हसले. पोपटदादाही हसले. अमोल मात्र खिडकीतून बाहेर बघत होता, आणि त्याचा पाय सारखा हलत होता. शिरूर येईपर्यंत हलतच होता.

*

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या फोटोवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रात्रीतून तिथं संस्कृतीवर चर्चा झाली. सकाळी ॲडमिननं अमोलला काढून टाकलं. खाली लिहिलं, "आपला धंदा घराघरात जाण्याचा आहे, सर्वांनी समजून घ्यावे."

दुपारी केडगावला कुणाचा तरी ड्रोन वरातीत झाडाला लटकला. "अर्जंट! ड्रोन कोणाकडे आहे?" सगळ्यांच्या तारखा लागलेल्या. मोकळा एकटा अमोल. लगेच त्याला ॲड केलं. ड्रोन मिळाला, वरात उडाली, संध्याकाळी परत काढलं. पुढच्या तिथीला परत ॲड!

"ताई," तो मला म्हणाला, "ग्रुपमध्ये मी नाहीये. माझा ड्रोन आहे!"

बोलला चेष्टेत. पण दिवसभर दर दोन मिनिटांनी मोबाईल उघडून बघत होता, आपण आत आहोत का बाहेर.

*

कासुर्डीच्या एका नवरीच्या वडलांचा फोन आला. "पोपटराव, ऑर्डर तुमचीच. पण ते पोरगं नको."

पोपटदादांनी "बघतो" म्हटलं. खरं सांगायचं तर ते दुसरा माणूस शोधायलाही लागले होते. तेवढ्यात नवरीनंच घरात सत्याग्रह केला. कँडिड अमोलच काढणार, नाहीतर मी स्टेजवर तोंडच वर करणार नाही! तिनं त्याच्या सगळ्या रील्स सेव्ह केलेल्या.

वडलांनी रात्रभर विचार करून तोडगा काढला. "येऊ द्या. पण नवरदेवाच्या बाजूला पाठवू नका. आमच्या पोरीबाळींत चालंल."

लग्नाच्या दिवशी नवरीच्या खोलीच्या दारात तिचे काका खुर्ची टाकून बसलेले. बाजीराव व्हिडिओ कॅमेरा घेऊन आत निघाले, तर काकांनी काठीच आडवी घातली. "आत बायका हायेत!"

"अहो, मी तीन पोरांचा बाप आहे!" बाजीराव म्हणाले.

"म्हनूनच," काका म्हणाले. आणि अमोलला दार उघडून दिलं.

*

अमोलचं गाव दौंडच्या बाजूला, भीमेच्या काठाला. ऊस, चार म्हशी. वडील, म्हणजे आप्पा, गावच्या सोसायटीत डायरेक्टर. मांडवगणची बातमी गावात पोचली आणि आप्पांनी सोसायटीत जाणं बंद केलं. घरात बोलेनात. मग एके दिवशी सकाळीच म्हणाले, "चल, दौंडला डॉक्टरकडं जायचंय."

अमोल गेला. "नाही म्हटलं असतं तर ते देवरुष्याकडं गेले असते," हे त्याचं कारण. पण मला वाटतं, बाप बऱ्याच दिवसांनी बोलला, म्हणून तो गेला.

डॉक्टर जुने, आप्पांच्या ओळखीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आप्पा, हा आजार नाही. ह्याला औषध नाही, कारण ह्याला काही झालेलंच नाही."

आप्पा टोपी हातात घेऊन बसले. उठेनात. बाहेर पेशंट ताटकळलेले.

"मंग मला तरी लिवून द्या कायतरी," आप्पा म्हणाले.

"तुम्हाला काय होतंय?"

"झोप लागंना. ह्याला रानात-रस्त्यात कुनी एकटा गाठून मारलं, तर काय करायचं मी?"

हे सांगताना अमोल एकदाही हसला नाही. मीही कुणाला सांगताना हसत नाही. पण किस्से सांगायला बसले की हा सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही.

*

चौफुल्याला एक रसवंती आहे. तिथं एक आबा कायम बसलेले. बाजीरावांना तोंड गप्प ठेवता येत नाही, त्यांनी आबांना सगळं सांगून टाकलं. अमोल समोरच रस पीत होता!

आबा म्हणाले, "यात नवीन काय हाय? आमच्या गावात दोघं व्हते. एकमेकाबिगार जेवायचे न्हाईत. बांध एक, मोट एक, खोप एक. सगळ्या गावाला म्हाईत."

अमोलचा ग्लास अर्ध्यावर थांबला. "मग? लोक काही बोलत नव्हते?"

"कशाला बोलत्यात? दोघांची लग्नं झालेली, पोरं झालेली."

"आणि त्यांच्या बायका?"

आबांनी रस्त्याकडं तोंड फिरवलं.

"त्या रडत आल्या, आन् रडतच गेल्या," ते म्हणाले. "त्यास्नी कुनी इचारलंच न्हाई."

रस तसाच टाकून अमोल गाडीत जाऊन बसला.

*

आता दौंडचं सांगते. नवरा-नवरीची नावं सांगणार नाही.

मोठं कार्यालय, दुपारचा मुहूर्त. खाली माणूस मावत नव्हतं. मी पहिल्या मजल्यावर, नवरीच्या खोलीत. अमोल दुसऱ्या मजल्यावर, नवरदेवाचे फेटा बांधतानाचे फोटो काढत होता. नवरदेवानं सगळ्यांना बाहेर काढलं. "जरा निवांत फोटो काढू द्या," म्हणाला. दार लागल्यावर त्यानं अमोलला विचारलं, "मांडवगणला बोलले ते तुम्हीच ना?"

"हो."

"मग पुढं काय झालं तुमचं?"

"काही नाही. जिवंत आहे की."

नवरदेव पलंगावर बसला. बसला तो रडायलाच लागला. नुकताच बांधलेला फेटा सुटून खांद्यावर आला. अमोल समजला.

"मुलीला माहितीये?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मग तिला सांगा."

"आत्ता? खाली आमदार आलेत!"

अमोल धावत खाली आला, मला व्हरांड्यात ओढलं. लेन्सचं झाकण लावत होता, काढत होता, परत लावत होता. "ताई, हे त्याचं आहे, मी कसं सांगू तिला? आणि नाही सांगितलं तर मी इथं उभा राहून अक्षतांचे फोटो काढू का?"

मी आत्ताच त्या पोरीच्या कपाळावर चंद्रकोर काढून आले होते. पोरगी गुणगुणत होती. मला एका जागी उभं राहवेना. जिना चढले, उतरले, परत चढले. मग मला सुचलं. "अमोल, फर्स्ट लुक!"

हल्ली असतं तसं. मुहूर्ताच्या आधी नवरा-नवरी एकमेकांना पहिल्यांदा सजलेले बघतात, त्याचा फोटो. आणि आजकालच्या लग्नात भटजीचं कोणी ऐकत नाही, फोटोवाल्याचं सगळे ऐकतात! अमोल व्हरांड्यात ओरडला, "फर्स्ट लुकचा शॉट! सगळ्यांनी बाहेर व्हा!" मी करवल्यांना हाकललं. नवरदेवाला त्यानं वर जाऊन सांगितलं, "आता नाही सांगितलं तर कधीच नाही सांगणार तुम्ही." तो आला. दार लावलं.

आम्ही दोघं बाहेर. एक काकू डोळे बारीक करून म्हणाल्या, "फोटो आत निघणार, आन् फोटोवाला बाहेर?"

"रिमोटनं निघतात, काकू," अमोल म्हणाला.

खालून बँडचा आवाज येत होता, आतून काहीच नाही. मग दार उघडलं. नवरदेवाचा चेहरा ओला. नवरीचं काजळ जागचं हललेलं नव्हतं. ती मला म्हणाली, "ताई, मामांना बोलवा. आई-बाबांना नको. फक्त मामांना."

मामा म्हणजे शिरूरच्या मार्केट यार्डातले कांद्याचे आडतवाले. आडदांड माणूस. नवरीला बोहल्यावर न्यायलाच निघाले होते. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. मामांनी नवरदेवावर हात उगारला.

नवरी मधे आली. "मामा, त्यानं अक्षता पडल्यावर सांगितलं असतं तर?"

हात खाली आला. मामा खुर्चीत बसले. फेट्याचा शेमला चाचपला. मग म्हणाले, "ते समदं खरं. पन बाहेर लोकं काय म्हनतील? मोडलं लगीन, म्हंजी पोरीतच खोट व्हती. जल्मभर तिच्या मागं लागंल ते."

 

नवरदेव उठला. "मी सांगतो."

"काय सांगशील?" मामांनी विचारलं.

"जे आहे ते."

मामा पुढं, मागं नवरदेव, त्याच्या मागं नवरी. जिना उतरून थेट स्टेजवर. सूत्रसंचालक पाहुण्यांच्या स्वागताची नावं वाचत होता. मामांनी त्याच्या हातातून माइक काढून घेतला. "बँड बंद करा. मंडळी, हे लगीन व्हनार न्हाई."

असा गलका उठला की काही ऐकू येईना. मामांनी माइक नवरदेवाच्या हातात दिला. त्यानं तो तोंडाच्या इतका जवळ धरला की मुंडावळ्यांचे मणी माइकवर आपटत होते, आणि ते सगळ्या हॉलला ऐकू येत होते. त्यामुळंच की काय, लोक गप्प झाले.

"मुलीत काही खोट नाही," तो म्हणाला. "तिच्या घरच्यांचीही चूक नाही. मला पुरुष आवडतात. मी हे आधीच सांगायला पाहिजे होतं. आज सांगतोय."

बाजीरावांनी व्हिडिओ कॅमेरा बंद करून खाली ठेवला. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नसेल. अमोल माझ्या शेजारी उभा होता, माझं मनगट घट्ट धरून.

पुढच्या सोफ्यावरून नवरदेवाचे वडील उठले. तोंड लालबुंद. खुर्च्या ढकलत स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत आले. तसे मामा सरकले आणि नवरदेवाच्या बरोब्बर पुढ्यात उभे राहिले. अख्खा नवरदेव त्यांच्या पाठीमागं झाकला गेला. मग हात मागं नेऊन त्यांनी त्याच्याकडून माइक घेतला.

"आईकलं ना समद्यांनी?" मामा म्हणाले. "मंग बसा जेवायला!"