अण्णांचं तिकीट

आमचे अण्णा, म्हणजे माझे आजोबा, आयुष्यात कधी तिकीट काढून गाडीत बसले नाहीत आणि कधी पकडलेही गेले नाहीत. वांगणीहून उल्हासनगरला कारखान्यात जायचे, रोज ‘डब्ल्यूटी’. विदाऊट तिकीट जाण्याला त्यांच्या वेळची पोरं तसं म्हणत. मी चौथीत असताना हा पराक्रम त्यांनी माझ्या मैत्रिणींना रंगवून सांगितला. नंतर मी म्हणाले, “अण्णा, प्लीज, माझ्या फ्रेंड्ससमोर नको.” त्यांनी ती गोष्ट परत कोणालाच सांगितली नाही. (माझं तोंड क्वचित उघडतं. उघडलं की हे असं.)

मागच्या वर्षी अण्णा गेले. अस्थी वांगणीला नदीत सोडायच्या होत्या. पप्पांना जन्मभर या डब्ल्यूटीची लाज. अंबरनाथ स्टेशनबाहेर ते म्हणाले, “शेवटचा प्रवास तरी अण्णांचा तिकिटावर होऊ दे. सायली, चार काढ.”

“तीन ना, पप्पा?”

“चार. अण्णांचं पण.”

लाल कापडात बांधलेला कलश छातीशी धरून आत्या म्हणाली, “दादा, त्यांना आवडणार नाही हां.”

खिडकीवर नुसतं “चार वांगणी” म्हणायचं होतं. पण ‘चौथं कोण?’ असं विचारलं तर? (कोणी विचारत नसतं. हे मला आता कळलंय.) मी उत्तर जुळवत राहिले.

“मॅडम, बोला ना. गाडी आपल्यासाठी थांबणारे का?” मागून एकजण.

मी “सॉरी” म्हणून रांगेतून बाहेर. मोबाइलवर काढायला गेले, तर अ‍ॅप म्हणे, स्टेशनच्या इतक्या जवळ तिकीट निघत नाही, लांब जा. तेवढ्यात गाडी आली.

“काढलीस?” पप्पांनी विचारलं. मी मान हलवली. उभी की आडवी, ते मलाही ठाऊक नाही.

वांगणीला पुलाखालीच टीसी. पप्पा कधी नव्हे ते ताठ चालत त्यांच्यासमोर गेले आणि माझ्याकडे हात केला. “दाखव गं, चारही.”

“नाही काढली.”

पप्पांचा हात तसाच राहिला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “साहेब, चौघांची पावती फाडा.”

“तिघंच दिसताय.”

पप्पांनी कलशाकडे बोट केलं. “हे माझे वडील. तेही विदाऊट.”

टीसींचं पेन थांबलं. त्यांनी कलशाला हात जोडले. “आजोबांना जाऊ द्या.”

आत्या कलश घेऊन पूल चढायला लागली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. “सुटला म्हातारा,” पप्पा पुटपुटले, आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

हल्ली ही गोष्ट मैत्रिणींना मीच सांगते. अण्णा कधीच पकडले गेले नाहीत. घराण्याचा रेकॉर्ड मोडला तो मी, आणि तोही तिकिटाच्या रांगेत उभं राहून.