फुलदाणीखालचा डाग

एकतीस वर्षं लाँड्रीत उभं राहून इस्त्रीबाईने लोकांचे शर्ट सरळ केले, तिची स्वतःची कंबर मात्र काही सरळ झाली नाही. संध्याकाळी टाचा अशा बोलायच्या की घरी जाईपर्यंत दुसरं काही ऐकू यायचं नाही. बाई डावखुरी, म्हणून मालकाने तिचं टेबलसुद्धा उलटं लावून दिलेलं. कॉलरवर तिच्यासारखा हात कुणाचा नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ते ठाऊक आहे हे चर्चच्या अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं.

चर्चमधलं वेदीवरचं पांढरं वस्त्र धुऊन इस्त्री करायचं काम दोघींकडे होतं, ती आणि तिची शेजारीण घाईबाई. नाव उगाच नाही पडलेलं. घाईबाई चहा गाळायच्या आधी कप उचलायची आणि पाळकांच्या आधी आमेन म्हणायची. पण जिवाला जीव देणारी. इस्त्रीबाईला मैत्रीण म्हणून तेवढी एकच.

अकरा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत दोघी आळीपाळीने इस्त्री फिरवत होत्या. इस्त्रीबाई पाणी आणायला गेलेली असताना घाईबाई सवयीप्रमाणे इस्त्री चालूच ठेवून आधी पळाली, आणि इस्त्रीबाईने येऊन उरलेलं काम हातात घेतलं. तेवढ्यात गायनमंडळातली एक बाई बाहेरून हाक मारत आली, कुणाचं तरी ठरलेलं लग्न मोडल्याची बातमी घेऊन. बातमी इतकी चविष्ट की इस्त्रीबाईने इस्त्री उभी करायच्या ऐवजी आडवीच टेकवली आणि दारात गेली. परत येऊन बघते तर वस्त्रावर तांबूस होडी उमटलेली. तिने इस्त्री बंद केली, दार ओढलं आणि घर गाठलं.

रविवारी पाळकबाईंनी, म्हणजे पाळकांच्या पत्नीने, विचारलं, "हे कसं झालं गं?"

कुणी तोंड उघडायच्या आत घाईबाई म्हणाली, "माझ्याच हातून राहिली असेल हो. घाईत होते ना."

सगळे हसले. इस्त्रीबाई एक अक्षर खोटं बोलली नाही. ती नुसती गप्प बसली.

वस्त्र कुणाच्या तरी आजीच्या हातचं, टाकवेना. मग डागावर फुलदाणी बसली, ती कायमची. घाईबाईने इस्त्रीचं काम सोडलं. घरीही सोडलं म्हणा, कारण तेव्हापासून ती चर्चला चुरगळलेली यायची. "आज कुठल्या उशीचा अभ्रा घातलास?" असं सगळ्यांत जास्त कोण चिडवायचं, ते काय सांगायला हवं?

पापकबुलीच्या वेळी सगळे डोळे मिटायचे. इस्त्रीबाई फुलदाणीकडे बघायची. अकरा वर्षं तिने देवाला एकच गोष्ट सांगितली. प्रभूने क्षमा केली आहे असं पाळक म्हणायचे, तेव्हा बाकावरच्या सगळ्यांचे खांदे सैल पडायचे, हिचे जास्तच आखडायचे. देवाला सांगणं तसं सोपं होतं. तो काही शेजारच्या घरात राहत नव्हता.

मग कुणीतरी नवीन वस्त्र भेट दिलं. पाळकबाई घाईबाईला म्हणाल्या, "आता शनिवारी तूही येत जा परत."

"नको हो," घाईबाई हसून म्हणाली. "माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही."

इस्त्रीबाईने ते ऐकलं आणि तिला इतकं थकायला झालं की बाकावर बसावं लागलं. तिने पाळकबाईंकडून जुनं वस्त्र मागून घेतलं. सोमवारी संध्याकाळी, दुखऱ्या टाचांनी, ती ते घेऊन घाईबाईच्या स्वयंपाकघरात गेली. घाईबाई भाजी निवडत होती. इस्त्रीबाईने वस्त्र, इस्त्रीला घ्यायच्या तसंच झालरीची कड घाईबाईच्या पोटाशी ठेवून, टेबलावर पसरलं.

"नाक बघ."

"कुणाचं?"

"इस्त्रीचं. ह्या डागाचं नाक कुठल्या बाजूला आहे?"

"उजवीकडे. मग?"

"तू उजव्या हाताने फिरवतेस. तुझ्या इस्त्रीचं नाक डावीकडे पडतं. हे माझ्या हातचं आहे. मी जाळलं, आणि मी गप्प बसले."

घाईबाईने एक पान निवडलं. मग दुसरं. इतकं सावकाश तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"दर रविवारी," ती म्हणाली, "मी ह्याची क्षमा मागतेय."

"मी पण."

"म्हणजे एकच पाप, आणि कबूल करायला दोघी. देवाला वाटलं असेल, ह्या बायकांचं आधी काय ते ठरू दे."

इस्त्रीबाईला हसू फुटलं.

"हसू नकोस. मला राग आलाय. घराबाहेर पडताना मी गॅस तीनदा बघते. इस्त्री कपाटात गुंडाळून टाकलीय. मला वाटायचं माझं डोकंच धड नाही. आणि तू मला अभ्रा म्हणायचीस."

"म्हणायचे." तिच्याकडे सबब नव्हती, शोधायची ताकदही नव्हती. "मला माफ कर."

"थांब जरा. ह्या वेळी मला घाई नाही."

इस्त्रीबाई थांबली. मंगळवार गेला, बुधवार गेला. शेजारून हाक नाही, चहा नाही. गुरुवारी तिने पाळकबाईंना जाऊन सगळं सांगितलं. पाळकबाई लगेच घाईबाईच्या घरी जाऊन आल्या. इस्त्रीबाईला हे सांगायला कुणी लावलं नव्हतं, तरी मन हलकं झालं म्हणावं तर तसंही नाही. दोन शर्टांच्या कॉलर तिने उलट्या मोडल्या, मालक बघतच राहिला.

शनिवारी मागच्या खोलीत ती नवीन वस्त्र एकटीच उलगडत होती. दार वाजलं. घाईबाई आत आली, चुरगळलेलीच. तिने सरळ इस्त्रीचा प्लग लावला.

"माफ केलंस?"

"करतेय. अजून व्हायचंय पूर्ण. तू ते टोक धर."

घाईबाई प्रत्येक फेरीला इस्त्री उचलून खालचं कापड बघत होती. इस्त्रीबाईची जीभ दोनदा सूचना करायला वळवळली, तिने ती दातांत धरली. वस्त्र झालं. मध्ये एक सुरकुती राहिली होती, ती दोघींना दिसली आणि दोघींनी राहू दिली.

इस्त्री बंद करून, दार ओढून दोघी बाहेर पडल्या. चार पावलांवर घाईबाई थबकली, परत जाऊन बघून आली. फाटकापाशी पुन्हा थबकली, पुन्हा जाऊन आली. रस्त्यावर पोचल्यावर तिसऱ्यांदा थांबली आणि ओशाळून इस्त्रीबाईकडे बघू लागली.

इस्त्रीबाईच्या टाचा ठणकत होत्या. "चल," ती म्हणाली, "मी पण येते."

दोघी मागे गेल्या आणि दार उघडून बघितलं. इस्त्री उभी होती आणि बंद होती.