पेल्यातलं उरलेलं पाणी

पानांतच पाणी साठवणाऱ्या सक्युलंटचं जाडसर पान तोडून कोरड्या मातीवर नुसतं ठेवलं, की त्याच्या बुडाशी गुलाबी मुळं फुटतात आणि हळूहळू नखाएवढं रोप येतं. शिरूरला आमच्या ओट्यावर मी अशीच पानं एका पसरट कुंडीत मांडली होती. पण ती पिवळी पडून सडायची. मी पाणी घालतच नव्हते, तरी संध्याकाळी कामावरून आले की माती ओलीच. उन्हाळा चाललेला, नळाचा पत्ता नाही, मग ही ओल येते कुठून? मी माती बदलली, कुंडी बदलली, घरातल्या सगळ्यांवर उगीच चिडले.

एकदा सुट्टीच्या दुपारी मी घरीच होते. ऊसतोडीवरून परतलेली शेजारीण सासूबाईंशी बोलत ओट्यावर बसली होती. ती पाणी प्यायली आणि तांब्यात उरलेलं घोटभर पाणी तिनं बोलता बोलता कुंडीत ओतलं. मागोमाग सासूबाईंनीही ओतलं. आमच्याकडे पिऊन उरलेलं पाणी कुणी फेकत नाही, जवळच्या झाडाला घालतात. ओट्यावर जवळचं झाड माझंच होतं.

"आत्या, पाण्यानंच मरतंय ते," मी वैतागून म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "पाण्याबिगर मेलेलं आमी लई बघितलं," त्या म्हणाल्या. "पाण्यानं मेलेलं न्हाई बघितलं कदी."

माझ्या हातातल्या पेल्यात थोडं पाणी उरलं होतं. ते आता कुठं ओतावं, हे कळेना.