अक्काच्या हातची घागर

अक्काच्या हातून पाणी सांडलं, तेव्हा मी तिच्यावर साऱ्या गल्लीसमोर ओरडलो. तिथूनच सांगायला हवं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात उदगीरला आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि त्याची रांग अक्का लावायची. कुणी तिला नेमलं नव्हतं. दारात उभी राहून ती नावं पुकारायची. कुणी पुटपुटत तक्रार केली की म्हणायची, "मोठ्यानं बोल, मागच्यांना ऐकू जाऊ दे." मग तक्रार करणारीच हसायची. स्वतःची घागर ती शेवटी लावायची आणि काठोकाठ भरलेली घरात न्यायची. उंबऱ्यावर थेंब पडायचा नाही.

उदगीर जिल्हा होणार, अशी चर्चा तेव्हा जोरात होती. अक्का म्हणायची, "जिल्हा हू द्या की. पर आधी नळाला पाणी हू द्या."

काही वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली होती. औषधं संपली, गेलेले केस परत आले आणि आम्ही तो विषय मिटवून टाकला. त्या उन्हाळ्यात तिचं डोकं ठणकू लागलं, सकाळी उलट्या होऊ लागल्या. मी म्हणालो, "ऊन लागलंय." कांद्याचा रस दिला. गावात सगळ्यांनाच ऊन लागत होतं.

मग ती घागर. डाव्या हातातून निसटली आणि सगळं पाणी मातीत गेलं.

"लक्ष कुठं हाय तुझं? लोक थेंबाला तरसायलेत!"

ती हाताकडं बघत म्हणाली, "ह्यो हातच ऐकंना बाबा."

मला वाटलं, सबब सांगतेय.

आठवड्याभरात तिला आकडीचा झटका आला. लातूरच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. छातीतला आजार तिथं पोचला होता. एक नव्हे, कितीतरी ठिपके. मी हात जोडले, "ऑपरेशन करा. म्हणाल तिथं नेतो." ते म्हणाले, "इतक्या गाठी काढता येत नाहीत. डोक्याला किरणांचा शेक देऊ. त्रास कमी होईल, आजार जाणार नाही."

शेक देताना डोकं हलू नये म्हणून तिच्या चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मुखवटा बसवत. बाहेर यायची तेव्हा गालांवर जाळी उमटलेली असायची. "तोंडाचं मोहोळ झालंय बघ," म्हणायची. मेंदूची सूज उतरवायच्या गोळ्यांनी तिला भूक लागू लागली आणि मी वेड्यासारखी आशा धरली. "बरी होतेय ना?" विचारलं, तर डॉक्टरांनी पुढच्या शेकाची तारीख लिहून दिली. परतीच्या एसटीत केस झडून तिच्या पदरावर पडत होते. ते गोळा करत तिनं विचारलं, "जिल्हा झाला की हे मशीन आपल्याकडं येईल का रे?" मी हो म्हणालो.

पुढे तिची जीभ अडखळू लागली. एका सकाळी तिला खुर्चीत दारात बसवलं. टँकर बघायची तिची ती शेवटची वेळ. नावं दुसरंच कुणी पुकारत होतं. मी रांगेसमोर जाऊन उभा राहिलो. पुटपुटलो,

"त्या दिवशी अक्कानं पाणी सांडलं नव्हतं. तिच्या हातातलं बळ गेलं होतं. मला कळलं नाही."

अक्कानं मान वळवली. एकेक शब्द शोधत म्हणाली, "मोठ्यानं... बोल. मागच्यांना..."

मी मोठ्यानं बोललो, "अक्का, माझं चुकलं."