दूधवाल्याने पाहिलेले लंडन

कर्जतला आपल्याकडे दूध घालणारा माणूस माप ओतता ओतता लंडन सांगतो. तरुणपणी साहेबाचा नोकर म्हणून दोन वर्षे लंडन-पॅरिस फिरलो, असे त्याचे म्हणणे. मला वाटते, ती दोन वर्षे त्याने माथेरानच्या एखाद्या बंगल्यात बशा धुतल्या असाव्यात. कारण त्याच्या लंडनात खाण्याखेरीज काहीच नाही.

"मोठ्या पुलावर एक म्हातारी फळं भाजून इकते, बाई. फनसाच्या आठळीवानी लागतात."

"पुलाखाली नदी कोणती रे?" मी भूगोल शिकलेली.

"पोटात भूक असल्याव नदीचं नाव कोन इचारतो?"

मागे त्याच्या मुलीचे लग्न ठरले आणि जातीच्या पंचांनी अडवले. समुद्र ओलांडलेल्याच्या मांडवात आम्ही जेवणार नाही. आधी मिशी उतरवून गोमूत्र पी, म्हणाले. त्यांनाही संशय होताच. त्यातला एक हसून म्हणाला, "थापा मारल्या म्हन, मंग काय नाय."

त्याने मिशीवरून एकदा बोट फिरवले, "गेलतो" म्हणाला आणि न्हाव्यापुढे बसला.

माझा संशय मात्र अजून गेलेला नाही. मुलांनो, तुम्ही आता लंडनला आहात. पुलावर अशी म्हातारी दिसली तर जरूर कळवा. नसली तर पत्रात त्याविषयी अवाक्षर लिहू नका. तुमचे पत्र आले की दुधाची चरवी खाली ठेवून तो ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतो.