इंजिनमावशीची जड गाडी

हां, गाडीचं सांगायचं राहिलंच की. लिही बाळा, मी बोलते तसंच लिही.

इंजिनमावशी म्हणजे माझी मावसबहीण. मोठ्या दवाखान्यात होती. वॉर्डावॉर्डातल्या चादरी गोळा करायच्या, धुतलेल्या परत पोचवायच्या. गाडी लोखंडी, पेटाऱ्याएवढी खोल. चाकं अशी खडखडायची की नर्सबाया लांबूनच म्हणायच्या, आलं बघा इंजिन. नाव पडलं ते पडलंच.

तिचा उजवा गुडघा कधीचाच कामातून गेलेला. पण काठी धरली असती तर मुकादमाने दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून ती गाडीवर भार टाकून चालायची. गाडी जड, म्हणून तर हिला तोलून धरायची. हे ठाऊक फक्त तिला नि मला.

मग गाड्या बनवणाऱ्या कंपनीची एक पोरगी आली, वही घेऊन. तीन दिवस हिच्या मागे मागे. ही ओणवी होऊन ढकलते ते बघून तिचा जीव कळवळला. विचारलंन, जड आहे ना हो गाडी? जड तर होतीच. ही हो म्हणाली. झालं, वहीत उतरलं.

चार महिन्यांनी नवी गाडी हजर. फुलासारखी हलकी, बोट लावलं की पळते. मुकादम खूश. इंजिनमावशीने भार टाकला नि गाडी सुटली पुढे. ही भिंत धरून कशीबशी उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून काय केलंन, तळाशी ओल्या चादरींचा गठ्ठा घालून गाडी फिरवायला लागली. दिवसभर तोच गठ्ठा, या वॉर्डातून त्या वॉर्डात.

पोरगी पुन्हा बघायला आली तेव्हा गठ्ठा सापडला. मुकादम फिस्कारला, या म्हाताऱ्यांना नवीन काही नकोच असतं. आता गप्प बसावं तर पडून हाडं मोडायची, बोलावं तर नोकरी जायची. मावशीने कंबरेवर हात ठेवले.

"गुडघा गेलाय माझा. सहा वर्षं झाली. मी गाडीला ढकलत नाही, गाडी मला धरते. या सहा वर्षांत एका तरी वॉर्डात चादर उशिरा गेली असेल तर दाखवा, आत्ता घरी जाते."

मुकादम रजिस्टर चाळत बसला. सापडणार काय, कपाळ?

पोरगी हळूच म्हणाली, "मावशी, मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू गाडीचं विचारलंस. माझं विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं. मुकादम मागे उभा होता ना तुझ्या."

पोरीने वहीतलं ते पान फाडलं. मुकादमाला बाहेर पाठवलंन आणि मग पहिल्यापासून विचारायला बसली. पुढची गाडी आली तिच्या तळाला वजनासाठी लोखंडी पाट होता, हवा तर ठेवा, नको तर काढा. मुकादमाने मावशीला बसून घड्या घालायचं काम देऊ केलं. ही म्हणाली, बसायचं झालं की मीच सांगेन. आणि गेली खडखडत.

एवढं लिहून झालं की वरच्या मजल्यावरच्या काकूंना वाचून दाखव. सासूची जड लाकडी खुर्ची काढून प्लॅस्टिकची आणतायत म्हणे. म्हणावं, सासूबाई काय धरून उठतात ते आधी त्यांनाच विचारा. आणि विचारताना काकांना बाहेर पाठवा.