सेलवाडीच्या उकंडरावांची पकड

सेलवाडीच्या उकंडरावांनी मला आयुष्यात आठ वेळा धरलं. सात वेळा मी धडपडलो, लाथा झाडल्या, माती खाल्ली आणि बाद झालो. आठव्या वेळी त्यांनी स्वतःहून हात काढून घेतला होता, तरी मला जागचं हलता आलं नाही. मला सांगायचं आहे ते त्या आठव्या पकडीबद्दल, पण आधी माणूस सांगायला हवा.

हुतुतूत नाव होतं ते चढाई करणाऱ्याचं. एका दमात ‘हुतुतू, हुतुतू’ म्हणत समोरच्यांच्या हद्दीत शिरायचं, एखाद्याला शिवायचं आणि दम टिकून असताना मधल्या रेषेला परत हात लावायचा. मी जवळा बाजारचा संतराम, चढाईचा गडी. दंडाला काळा दोरा, अंगाला तेल, आणि बाया बघायला उभ्या असल्या की दम दुप्पट. मागच्या कोपऱ्यात दबून राहणाऱ्या, पाय धरणाऱ्या गड्याची मिरवणूक कुणी काढत नाही. उकंडराव सगळी उमर त्याच कोपऱ्यात राहिले. चढाईला ते एकदाही गेले नाहीत. तरी वसमतपासून हिंगोलीपर्यंत कुठं जत्रा ठरली, की लोक सेलवाडीला बैलगाडी जुंपून जात आणि त्यांना मागून आणत.

गडी मागून आणायची आमच्याकडे रीतच होती. आपल्या गावाला गडी कमी पडला तर दुसऱ्या गावचा आणायचा, त्याला दोन वेळचं जेवण, एक फेटा आणि वाटेला शिदोरी द्यायची. आम्हा बाकीच्यांना वर्षाकाठी असा एक फेटा मिळाला तरी आम्ही तो दिवाळीपर्यंत डोक्यावरून उतरवत नसू. उकंडरावांच्या घरी फेट्यांचं गाठोडं होतं. त्यांची बायको नर्मदाबाई त्या फेट्यांच्या गोधड्या शिवायची.

दिसायला माणूस काहीच नव्हता. बुटका, काळा, मान आखूड. आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईनं जन्मल्याबरोबर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून उचललं, आणि नाव पडलं उकंडा. हात मात्र बघत राहावेत असे होते. आठवडी बाजारात ते नालबंदासाठी बैल पाडायचे. बैलाच्या खुरांना पत्र्या ठोकायच्या तर आधी त्याला आडवा करावा लागतो. चार माणसं दोर लावून, शिव्या देत, घामाघूम होऊन जे काम करायची ते उकंडराव एकटे करायचे. बैलाच्या पोटाला गाल लावून थोडा वेळ उभे राहायचे, मग मागचा पाय धरून असा झोक द्यायचे की बैल आपणहून बसल्यासारखा बसायचा.

मी एकदा विचारलं, "मामा, पोटाला गाल काहून लावता?"

"लाथ मारायच्या आदी जनावर दम कोंडतं," ते म्हणाले. "बरगडी थांबती. थांबली की समजायचं, आता येऊन राहिली."

मी हसलो. तेव्हा मला सगळ्याच गोष्टींचं हसू यायचं.

सन चाळीसमध्ये मी अठरा वर्षांचा होतो. आमच्याच बाजारच्या मैदानात मी पहिल्यांदा त्यांच्यावर चढाई केली. कोपऱ्यात ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते आणि माझ्या तोंडाकडे बघतही नव्हते. मला राग आला. डावीकडे हूल दिली, उजवीकडे उडी घेतली, आणि उडी पुरी व्हायच्या आत माझा घोटा कशात तरी अडकला. विहिरीवरच्या मोटेच्या दोरात अडकावा तसा. मी तोंडावर पडलो. दम केव्हा तुटला ते मलाच कळलं नाही.

खेळ संपल्यावर मी तणतणत त्यांना गाठलं. "तुमी माझ्याकडं बघतच नव्हते की!"

"तुझ्या पायाकडं बघत व्हतो," ते म्हणाले. "तोंडाकडं काहून बघू? तोंडानं कुणी पळत न्हाई."

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जत्रेत दोन हजार माणूस ओरडत असतं. धरलेल्या गड्याचा दम तुटला की अजून चालू आहे, हे पंचाला कुठून ऐकू येणार? म्हणून आमच्या भागात ज्यानं धरलं त्यानंच ते सांगायचं, अशी चाल होती. त्याचा कान सगळ्यांत जवळ. पण जो धरतो तोच सांगणार म्हटल्यावर भांडणं ठरलेलीच. डोकी फुटायची. उकंडरावांच्या वेळी मात्र कधीच वाद झाला नाही. पंच विचारायचा, "उकंडराव, तुटला का?" ते म्हणायचे "तुटला", नाहीतर म्हणायचे "न्हाई, जाऊ द्या त्याला." बस.

वसमतला एकदा त्यांना मागून नेणारं गावच हरत होतं. समोरच्यांचा शेवटचा गडी त्यांनी धरला, त्याचा हात कसाबसा रेषेला लागला. लोकांनी ‘तुटला, तुटला’ म्हणून मैदान डोक्यावर घेतलं. उकंडराव म्हणाले, "न्हाई तुटला." त्या गावानं त्यांना ना फेटा दिला ना शिदोरी, उपाशीपोटी वाटेला लावलं. पुढच्या वर्षी तेच गाव दोन फेटे घेऊन त्यांच्या दारात उभं. खरं सांगतो, मी त्यांच्यावर जळायचो. मला धरतात म्हणून जळायचो, आणि त्यांच्या एका शब्दावर दोन हजार माणूस गप्प बसतं म्हणून त्याहून जास्त.

सेहेचाळीसच्या शिवरात्रीला औंढ्यात मी सुटायच्या धडपडीत गुडघा झाडला. तो त्यांच्या कानावर बसला. कानातून रक्त आलं. मी मुद्दाम मारला असं नाही, आणि जपून झाडला असंही नाही. त्यांनी पकड सोडली नाही. दम तुटल्यावर उठले, मान झटकली आणि म्हणाले, "खेळात व्हतंच." ती माझी पाचवी पकड. त्यानंतर त्यांची धरायची तऱ्हा बदलली. पायाला कमी आणि कमरेला जास्त धरू लागले, आणि धरलं की गाल बरगडीला चिकटवायचे. सहावी आणि सातवी पकड तशीच झाली. मला वाटलं, वय झालं, आता घोट्यापर्यंत वाकवत नसेल.

मग रझाकारांचा धिंगाणा सुरू झाला. सत्तेचाळीसच्या दसऱ्याला खेळ झाला नाही. पुष्कळ लोक लेकराबाळांसह वऱ्हाडात निघून गेले, तसे आम्हीही गेलो. अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजामाचं राज्य गेलं, आणि माणसं घरांची दारं उघडून झाडलोट करतात तोच हिंगोलीहून सांगावा आला, की दसऱ्याला हुतुतू होणार. जवळा बाजार विरुद्ध सेलवाडी. उकंडराव पंचेचाळिशी ओलांडलेले, पण या वेळी ते त्यांच्या स्वतःच्या गावासाठी उभे राहणार होते.

दसऱ्याच्या आधीच्या बाजारात मी माझा बैल पत्र्या ठोकायला नेला. उकंडरावांनी तो पाडला. ठोकून झाल्यावर नालबंद ओरडला, "सोडो!" उकंडराव पाय धरूनच. नालबंदानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यांनी सोडला. माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी त्यांच्या पाठीमागं गेलो आणि हळूच हुतुतू म्हणायला लागलो. मग मोठ्यानं. मग त्यांना तोंडाला येईल ती शिवी घातली. त्यांची मानसुद्धा वळली नाही.

मला काय वाटायला हवं होतं ते मला आज कळतं. त्या दिवशी मी घरापर्यंत शीळ घालत गेलो. कमरेला धरलं तरच बरगडीवरून यांना दम कळतो, हे मी ताडलं होतं. म्हणजे घोटा द्यायचा, कंबर द्यायची नाही. घोटा धरून त्यांना काय कळणार? दम तुटला तरी ओठ हलवत राहायचे. ही गोष्ट मी कुणाला बोललो नाही, आमचा म्होरक्या सोनाजी याच्याजवळही नाही. उकंडरावांची पकड सोडवणारा पहिला गडी मला एकट्याला व्हायचं होतं.

हिंगोलीच्या मैदानात त्या दसऱ्याला जेवढी माणसं होती तेवढी मी पुन्हा पाहिली नाहीत. कितीतरी जण वर्षानं एकमेकांना भेटत होते. पंच होते उत्तमराव मास्तर. दोन्ही गावं बरोबरीला आली आणि शेवटची चढाई माझी. मी रेषेवर परत आलो तर जवळा बाजार जिंकणार, बाद झालो तर सेलवाडी.

मी शिरलो, एकाला शिवलो आणि मागं वळलो. उकंडरावांपासून अंग लांब ठेवून, ठरवल्याप्रमाणं, एक पाय मागं राहू दिला. त्यांनी जमिनीसरसी झेप घेतली आणि माझा घोटा धरला. मी पालथा पडलो. रेषा वीतभर पुढं. मी बोटं लांबवत होतो, ते माझ्या मागं सबंध आडवे पसरले होते, आणि तेवढ्यात माझा दम संपला. छातीत काहीच उरलं नाही. मी ओठ हलवत राहिलो. मग एक हिसका दिला आणि बोट रेषेला लागलं.

मैदान फुटलं. अर्धी माणसं "तुटला" म्हणत होती, अर्धी "न्हाई तुटला". मास्तरांनी दोन्ही हात वर केले. हळूहळू सगळे गप्प झाले. सगळ्यांना चाल ठाऊक होती.

"उकंडराव," मास्तरांनी विचारलं, "रेषेला हात लागायच्या आधी दम तुटला का?"

उकंडरावांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मास्तरांनी पुन्हा विचारलं, छातीकडे बोट करून. ते ‘तुटला’ म्हणाले असते तर त्या मैदानात एकानंही शंका घेतली नसती. मीसुद्धा काय बोलणार होतो? त्यांचं गाव जिंकलं असतं, फेटा डोक्यावर बसला असता, आणि बहिरेपण झाकलेलं राहिलं असतं. माझ्या सगळ्या हुशारीत हा एक विचार मला सुचलाच नव्हता.

उकंडरावांनी माझ्या घोट्यावरचा हात काढला. उठले. गुडघ्यांची माती झाडली. आणि बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं बोलले.

"मास्तर, मला आइकू येत न्हाई. एक कान आदीच गेलेला, दुसरा जाऊन अडीच साल झाले. बरगडीला गाल लावून मी सांगत व्हतो, आन् ते बराबर सांगत व्हतो. आज बरगडी लागली न्हाई. मी काय सांगू?"

बायांच्या घोळक्यात नर्मदाबाईनं तोंडाला पदर लावला होता. या एका वाक्यानं आपलं सगळं संपलं हे उकंडरावांना माहीत होतं. ज्याला ऐकू येत नाही अशा धरणाऱ्याला पुन्हा कोण बैलगाडी पाठवणार?

"त्या पोराला इचारा," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "दम त्याचा व्हता. त्यो म्हनंल ते मला कबूल."

मास्तर माझ्याकडे वळले. पाठीमागून सोनाजी दात आवळून म्हणत होता, "न्हाई तुटला म्हण, संत्या! म्हण ना!" मी अजून पालथाच होतो. बोट रेषेवर होतं. घोटा मोकळा होता, आणि मला उठता येईना. अडीच साल. औंढ्याची शिवरात्र. माझा गुडघा. त्यांनी त्याचा विषय मैदानात काढला नाही, माझ्याकडे तसं बघितलंही नाही.

"तुटला," मी म्हणालो. "बोट लागायच्या आदीच तुटला. मी नुसते ओठ हलवून राहिलो व्हतो."

आमच्या गावानं मला जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. सेलवाडीवाले नाचायला लागले. उकंडरावांना त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं, पण नाच बघून समजलं असावं. ते माझ्याजवळ आले, हाताला धरून मला उठवलं आणि आपला पंजा माझ्या बरगडीवर ठेवला. तसाच ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

"आता बराबर चालून राहिला," ते म्हणाले.

मी तिथं दोन हजार माणसांदेखत रडलो.

ते पुन्हा खेळले नाहीत. मीही पुढं फार दिवस खेळलो नाही. गावानं वर्षभर मला मैदानात उभं केलंच नाही. पण त्या दसऱ्यानंतरच्या बाजारात मी त्यांच्याकडे गेलो. ते बैलाजवळ उभे होते. बोलून उपयोग नव्हता, म्हणून मी त्यांचा हात धरून आधी माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि मग त्यांच्या कानावर.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्याच दिशी ठाऊक व्हतं, लेका. ये, इकडं उभा ऱ्हा. पोटाला गाल लाव. धरायचं कसं ते तुला कुनी शिकिवलंच न्हाई."

मी बैलाच्या पोटाला गाल लावला.